अमलदांचा डायमंड आणि आपला वाद

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मोहन बागानचे फुटबॉल प्रशिक्षक अमल दत्ता आणि त्यांची ‘डायमंड’ रचना यांचा १३ जुलै १९९७लाच निकाल लागला, बाकी सगळं कौतुक, असं तू लिहिलंस. ते मला मुळीच मान्य नाही. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सुमारे १,३१,००० माणसं, फेडरेशन कपची उपांत्य फेरी, मोहन बागान १, ईस्ट बंगाल ४, आणि ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाची हॅटट्रिक. हे सगळं खरं. पण त्याच डायमंडने त्याआधीच्या फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला ६-० उडवलं होतं, तेही त्याच हिशेबात धर.

डायमंडमध्ये मधल्या फळीचे चौघे पतंगाच्या चार टोकांवर उभे राहतात. एक बचावफळीपुढे, दोघे बाजूंना पण आत सरकून, एक आघाडीच्या पाठीशी. चेंडू ज्याच्याकडे असेल त्याला जवळच दोन-तीन पास मिळतात, म्हणून मैदानाचा मध्य तुमचा होतो. किंमत कडेला मोजावी लागते. कडेच्या पट्ट्या मोकळ्या राहतात आणि तिथे मागून बॅकनेच, म्हणजे कडेच्या बचावपटूनेच, धावायचं असतं. तो वर असताना चेंडू गेला, तर त्याच्या पाठीमागे मैदान उघडं पडतं. भुतियासारख्या चपळ स्ट्रायकरला एवढं पुरतं. ०-२ने मागे असताना मोहन बागानच्या चिमा ओकोरीने एक गोल फेडून २-१ केलं. बरोबरीसाठी अशा वेळी संघ आणखी वर चढतो आणि मागची जागा वाढत जाते. भुतियाचे शेवटचे दोन गोल त्यानंतरचे आहेत.

पण बॅकने कडेने वर जावं हे शिकवलं कुणी? १९६९च्या आयएफए शील्ड या कोलकात्यातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट बंगालला ३-१ हरवलं, ते अमलदांच्याच ४-२-४ (चार बचावाला, दोन मध्ये, चार आघाडीला) आणि ओव्हरलॅपच्या, म्हणजे बॅकने विंगरच्या बाहेरून वर धावण्याच्या, जोरावर. बॅकने आपली जागा सोडायची नाही, असं मानण्याचा तो काळ. आज कुठल्याही मैदानावर पोरं हे करतात आणि चुकतातही तिथेच, म्हणून सविस्तर लिहितो. विंगरने, म्हणजे कडेच्या आघाडीच्या खेळाडूने, चेंडू घेऊन आत वळायचं आणि समोरच्या बॅकला ओढायचं. तो आत सरकला की आपल्या बॅकने बाहेरून धाव घ्यायची. पास पायात नाही, पुढच्या मोकळ्या जागेत द्यायचा. त्याच क्षणी त्या बाजूचा हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) मागे येऊन रिकामी जागा भरतो, आणि पलीकडचा बॅक आत सरकतो. धाव लवकर सुटली तर बचाव करणारा सावध होतो. उशिरा सुटली तर विंगर दोघांत सापडतो. पण सगळ्यात महाग पडते ती हाफची चूक, कारण तो चेंडू बघत उभा राहिला तर प्रतिहल्ला थेट गोलपर्यंत जातो. वर जाणं आठवड्यात शिकवता येतं. ही झाकाझाक अंगात मुरायला अख्खा मोसम लागतो.

माझ्या मते डायमंड चुकीचा नव्हता, घाईचा होता.

एका गोष्टीत मात्र मी तुझ्या बाजूने आहे. सामन्याआधी भुतियाला ‘चुंगचुंग’, त्याच्याच संघातल्या ओमोलोला ‘ऑम्लेट’ असं अमलदांनी म्हणणं अशोभनीय होतं आणि डावपेच म्हणूनही वाईट. समोर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते. खेळाडूंना पेटवणारं त्यांचं ‘व्होकल टॉनिक’ साऱ्या कोलकात्याला ठाऊक, आणि अमलदांनी त्यांना आयता मसाला पुरवला.

म्हणून पीके मोठे, हे मात्र ओघाने येत नाही. पीके माणूस वाचत, अमलदा मैदान वाचत. इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचा अभ्यास करणारा, परदेशी सामन्यांच्या फिल्म्स प्रोजेक्टरवर दाखवत फिरणारा आणि प्रशिक्षण हाच पूर्णवेळ व्यवसाय मानणारा माणूस त्या काळात आपल्याकडे दुसरा कोण होता? भारताचे पहिले व्यावसायिक प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव घेतात ते उगीच नाही. १० जुलै २०१६ला ते गेले, त्या सामन्याला १९ वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते, आणि तेव्हाही लोकांच्या तोंडी आधी ४-१ आलं. याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हो, तो कप ईस्ट बंगालनेही नेला नाही. अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकरने त्यांना २-१ हरवलं. पुढच्या पत्रात मला एवढंच सांग: १३ जुलैला, २-१ असताना, अमलदांच्या जागी तू असतास तर बॅकना मागे बोलावलं असतंस का?

तुझाच,
मित्र