जिप्सी उंच करण्याआधी

सांगली
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

गाडीचे फोटो आणि आरसीची प्रत मिळाली. 1998ची जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली, कापडी टपाची. निवड चांगली आहे. 1300 सीसीचं साधं इंजिन, वजन टनाच्या आसपास, चारही बाजूंना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा वेगळा ट्रान्सफर केस. यातलं सगळं साध्या पान्यांनी उघडतं. पण दीड लाखाची जी यादी तू पाठवलीस, तिची सुरुवात दोन इंच लिफ्ट आणि मोठ्या टायरने होते आणि चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. ती यादी उलटी कर. दापोलीच्या हवेत या गाडीला खड्ड्यांपेक्षा गंजाची भीती जास्त आहे.

आधी कागद. 1998ची गाडी म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण 2013, 2018 आणि 2023 असं तीनदा झालेलं हवं, आणि पुढचं 2028ला. पर्यावरण कर भरल्याची पावती माग. आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला नाही हे बघ. चेसिस नंबर स्वतः पुसून, खडूने घासून आरसीशी जुळव. तो जिथे ठोकलाय तिथे ग्राइंडर लावू द्यायचा नाही. आकडे घासले गेले तर पासिंगला गाडी उभीही करून घेणार नाहीत. इंजिन बदललेलं असेल तर त्याची आरसीवर नोंद असायला हवी.

आता पैशांची वाटणी. माझ्या हिशोबाने चेसिस आणि पत्रा 75 हजार, पुढचं हाउसिंग (दोन चाकांमधला आडवा कणा), स्टीअरिंग आणि ब्रेक 30 हजार, पाटे आणि शॉकअप 20 हजार, इंजिन, रेडिएटर आणि वायरिंग 15 हजार, आणि 10 हजार हातात. हे हातातले दहा हजार कुठल्याही परिस्थितीत आधी खर्च करू नकोस. पत्रा कापल्यावर आत काय निघेल ते कापल्याशिवाय कळत नाही.

चेसिस तपासायला अर्धा किलोची हातोडी आणि जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा. शाबूत लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं बदबद वाजतं. जिथे आवाज बदलतो तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघ. मागच्या चाकांमागचा भाग, मागच्या पाट्यांचे हँगर, बॉडी जिथे रबरावर बसते ते कान, पुढच्या चाकांच्या मागचा चिखल साचणारा कोपरा आणि सर्वांत मागचा आडवा तुकडा, एवढ्या जागा नीट वाजवून घे. बॉडीत पायाखालचा तळ, चाकांवरच्या कमानी आणि काचेच्या चौकटीचा खालचा कोपरा. पत्र्यावर लोहचुंबक फिरव. चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. नव्याने काळं डांबरी अंडरकोटिंग मारलेली गाडी दिसली तर जास्त संशय घे. गंजावर मारलेलं डांबर पाणी आत कोंडतं आणि लोखंड झाकून कुजवतं.

कापणं आणि जोडणं हे काम टिंकरवर सोपवून निघून येऊ नकोस. पाट्यांच्या चार हँगरमधले दोन कर्ण आधी टेपने मोजून लिहून ठेव. गाडी सपाट जमिनीवर, चेसिसला चार-सहा ठिकाणी घोड्या (आधाराचे स्टँड) लावून उभी करायची. एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही बाजू एकदम उघडल्या की चेसिस पिळवटते, मग दरवाजे बसत नाहीत आणि गाडी एका अंगाला ओढते. काम झाल्यावर कर्ण पुन्हा मोज. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर रंगाकडे जायचंच नाही.

कुजलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचा. पट्टी मूळ चेसिसच्या जाडीचीच हवी. दुप्पट जाड पट्टी लावली की तिच्या कडेशी चेसिस तडकते, कारण सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. त्याच कारणाने चेसिसवर सरळ उभी वेल्डिंगची रेघ नको. पट्टीची टोकं पतंगासारखी तिरपी काप आणि कोपरे गोल ठेव. गॅस वेल्डिंग नको, मिग (वायरवालं विजेचं वेल्डिंग) हवं. इंच-इंचाचे टाके आलटून-पालटून, गार होऊ देत. तळाला 18 गेज आणि बाजूच्या पत्र्याला 20 गेज पुरतो. सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तिथे तळाखाली जाड प्लेट घालायला सांग. नुसत्या नव्या पत्र्यात अडकवलेला बेल्ट धक्क्यात पत्र्यासकट उपटून येतो. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या उतरव, बॅटरीची निगेटिव्ह काढ, आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लाव. चिमटा चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं.

रंगाचा क्रम असा: वायर ब्रश, फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, धुऊन पूर्ण कोरडं, दोन हात इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, मग चेसिस ब्लॅक. सगळं वाळल्यावर चेसिसच्या भोकांतून आत पोकळीत मेण फवारायचं. हे शेवटचं काम बहुतेक जण गाळतात, आणि कोकणात चेसिस आतूनच बाहेर कुजत येते. पाणी निघायची भोकं मात्र मोकळी ठेव. हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच उरक. हवेत 85 टक्क्यांहून जास्त दमटपणा असताना मारलेलं प्रायमर पापुद्र्यासारखं सुटतं. तुझ्याकडे जूनपासून तेच असतं.

आता पुढचं हाउसिंग. तू लिहिलंस की साठच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं आणि गॅरेजवाला स्टीअरिंग डॅम्पर (थरथर दाबणारा शॉकअप) बसवायला सांगतो. हे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पुढचं एक चाक उचल, घोडी लाव, चाक वर आणि खाली धरून हलव. हालचाल जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही हलत असेल तर किंगपिनचं (चाक ज्या खिळीवर वळतं तिचं) बेअरिंग गेलंय. मग चाकं पुढे-मागे हलवून, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे एंड बघ. पाट्यांचे बुश आणि टायरचं बॅलन्सिंगही बघ. बहुतेक वेळा ही थरथर किंगपिन आणि टाय रॉड एंड मिळून करतात.

किंगपिनला प्रत्येक बाजूला दोन, अशी एकूण चार बेअरिंगं. बदलायची तर चारही, कपांसकट. आवळ शिमांवर (पातळ चकत्यांवर) ठरते. शिम काढली की आवळ वाढते. मोजायला भाजीवाल्याकडचा हुकाचा स्प्रिंगकाटा चालतो. बाहेरचं सील न लावता, टाय रॉडच्या भोकात हुक अडकवून नकल (चाकासोबत वळणारा भाग) ओढायचं. ते 1 ते 1.8 किलोच्या दरम्यान हलायला लागलं पाहिजे. त्याहून सैल असेल तर थरथर परत येईल, घट्ट असेल तर वळणानंतर स्टीअरिंग सरळ होणार नाही. उघडताना आतलं ग्रीसही बघ. ते पातळ, तेलकट झालेलं असेल तर अॅक्सलचं आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येतंय. बाहेरचं सील बदलून ते थांबणार नाही. एकदा उघडलंच आहे तर दोन्ही सीलं बदल, जॉइंट डिझेलने धुऊन मोलिब्डेनमवालं लिथियम ग्रीस भर.

तेलं सगळी पहिल्याच आठवड्यात बदल, आधीच्या मालकाने काय सांगितलं ते मनावर घेऊ नकोस. पुढचं डिफरन्शियल 2 लिटर, मागचं दीड, गिअरबॉक्स 1.3, ट्रान्सफर केस 0.8. आधी भरायचा नट उघड, मग सोडायचा. उलटं केलंस आणि भरायचा नट गंजून अडकलेला निघाला तर रिकामी गाडी तिथेच उभी राहील. डिफरन्शियलला जीएल-5 प्रतीचं तेल, गिअरबॉक्सला जीएल-4. काढलेलं तेल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. त्याचं कारण सोपं आहे. तापलेलं हाउसिंग ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) नाहीतर सीलमधून पाणी ओढते. यावर उपाय म्हणजे दोन्ही हाउसिंगच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती उंच, बॉनेटखाली आणि मागे बॉडीत वर नेऊन ठेवायची. काही शे रुपयांचं काम. मला विचारशील तर जिप्सीवरचा सर्वांत मोलाचा बदल हाच. स्नॉर्केलचा (इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीचा) विचार सोडून दे. कार्बोरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर भिजला की इंजिन तिथेच बंद पडतं, हवा कितीही उंचावरून येवो.

पाटे उतरव, पानं सुटी करून घास, तडा गेलेलं पान बदल, बाकीच्यांना पाटेवाल्याकडून मूळ कमान देऊन घे. निम्म्याहून अधिक वेळा लोकांना जी उंची हवी असते ती इथेच परत मिळते, कारण पंचवीस वर्षांत पाटे बसलेले असतात. बुश रबराचेच घे. यू-बोल्ट मात्र नवे हवेत. ताणलेला जुना यू-बोल्ट पुन्हा नीट आवळला जात नाही. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कड्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. गाडी उचललेली असताना आवळले की बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि दोन-तीन महिन्यांत फाटतो. 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळ.

लांब शॅकल लावून पुढचा भाग उचलायचा सल्ला तुला नक्की मिळेल. तसं केलं की कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कल) कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटते. स्टीअरिंगकडून चाकाला ढकलणारी ड्रॅग लिंक तिरपी होते, म्हणून प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप फिरतं. ब्रेकची रबरी नळी तणावते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही हे स्पष्ट केलंय. लोखंडी बुलबारवर डिसेंबर 2017पासून बंदी आहे.

टायरचंही गणित करून बघ. मूळ 205/70 आर15चा व्यास 668 मिलिमीटर. 215/75चा साधारण 703. हाउसिंगखाली जमिनीपासूनची उंची वाढते जेमतेम 18 मिलिमीटर, आणि त्यासाठी गिअर पाच टक्क्यांनी लांब होतात. कुंभार्ली घाटात जिथे तिसऱ्यावर चढली असती तिथे दुसरा टाकावा लागेल. फोटोत तुझ्या टायरवर 1423 दिसतंय, म्हणजे 2023चा चौदावा आठवडा. अजून काही वर्षं तेच चालव. चिखलात हवा 28 पीएसआयवरून 18पर्यंत उतरवलीस तर मोठ्या टायरपेक्षा जास्त पकड मिळते. रस्त्यावर येण्याआधी परत भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेव.

इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन तपास. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. दर चौरस सेंटिमीटरला 14 किलो चांगलं, 12च्या खाली गेलं तर काम निघालं, आणि सिलिंडरांमधला फरक एक किलोपेक्षा जास्त नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोज. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर हेडचं पॅकिंग. बोअर-क्रँकचं काम निघालंच तर ते कोल्हापुरात उद्यमनगरात करून घेऊ. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि क्रँकचं पुढचं सील विचार न करता बदल. कुणी थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगेल, ऐकू नकोस. इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतं. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचं आहे, म्हणून रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नाही, कूलंट.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि तडकतात. नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या, त्यावर एसएई जे30 आर9 छापलेलं बघून घे. कार्बोरेटरच्या किटमधला पंपाचा डायफ्रामही बदल. टाकी आतून साफ केल्यावर पहिल्या महिन्यात दोन फिल्टर बदलावे लागतील. इथेनॉल तळाचा गंज सोडवून आणतं. उभ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नकोस, ते हवेतलं पाणी ओढतं.

वायरिंगमध्ये फक्त हेडलाइटला दोन रिले घाल. 60/55चे दोन बल्ब मिळून दहा अॅम्पिअर घेतात आणि मूळ रचनेत ते सगळं स्विचमधून जातं. म्हणून स्विच तापतो आणि दिवे पिवळे पडतात. अडीच स्क्वेअरची वायर, बॅटरीजवळ 15चा फ्यूज. अर्थच्या सगळ्या जागा घासून पुन्हा आवळ. अर्धे इलेक्ट्रिकल दोष तिथेच मिटतात.

फोर बाय फोर डांबरावर कधीच नको. पुढची आणि मागची चाकं वळणात वेगवेगळं अंतर कापतात आणि मध्ये सुटका नसल्याने ताण ट्रान्सफर केसवर येतो. वाळूत उतरवायचा मोह होईल, पण वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, तिथे चाक न्यायचंच नाही. खारं पाणी लागलंच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धू, ब्रेकचे ड्रमही.

किंगपिन बेअरिंगचा संच, दोन्ही सीलं आणि वेगवेगळ्या जाडीच्या शिमा मी इथून पार्सलने पाठवतो. हाउसिंग उघडशील त्या दिवशी शिमा काढण्याआधी कुठल्या बाजूला वर किती आणि खाली किती होत्या ते लिहून घे आणि मला फोन कर.

तुझा,
बाबा