तेलाच्या आधीची राजघराणी

अरब राजघराणी म्हणजे तेलाच्या पैशाची निर्मिती, हे आपल्या रविवार पुरवणीतील लेखातले विधान इतिहासाला धरून नाही. सौदी अरेबियावर राज्य करणाऱ्या सौद घराण्याचा उदय १७४४ च्या सुमारास रियाधजवळच्या दिरियात झाला. तिथला अमीर मुहम्मद बिन सौद आणि धर्मसुधारक मुहम्मद इब्न अब्दुल वहाब यांनी हातमिळवणी केली, तेव्हा तेल कुणाच्या स्वप्नातही नव्हते. १८१८ मध्ये इजिप्तच्या इब्राहिम पाशाच्या फौजेने दिरिया धुळीला मिळवले, तरी घराणे संपले नाही. कुवेतच्या आश्रयाला राहिलेल्या याच घराण्यातल्या अब्दुल अझीझने १९०२ मध्ये मोजक्या साथीदारांनिशी रियाधचा मस्मक किल्ला घेतला. त्या झटापटीत दरवाजात रुतलेले भाल्याचे टोक आजही तिथे दाखवतात. सौदी अरेबियाच्या राज्याची घोषणा झाली १९३२ मध्ये आणि दम्मामच्या विहिरीला तेल लागले ते १९३८ मध्ये!

जॉर्डनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथील हाशिमी घराणे पैगंबरांचे वंशज मानले जाते. मक्केचे शरीफपद, म्हणजे तिथल्या कारभाराचे प्रमुखपद, शतकानुशतके याच वंशाकडे होते. जॉर्डनमध्ये नाव घेण्याजोगे तेल नाही, तरी १९२१ पासून सत्ता टिकून आहे. उलट तेलसंपन्न इराकमधील याच घराण्याची राजवट १९५८ च्या लष्करी उठावात संपली. लेखकाने पुढे या विषयावर लिहिताना वंशाची प्रतिष्ठा, टोळ्यांशी सोयरीक आणि ब्रिटिशांशी झालेले करार यांचीही दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे