बदली साहेबांची झाली आहे

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावाने सलाम आणि अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, साहेबांची बदली झाली. आता इथं माझं कोण आहे?" मी "होईल सगळं नीट" म्हणून फोन ठेवला, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नोकरीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. नोकरी राहील, न राहील. पण "माझं कोण आहे" हे तुझ्या तोंडून ऐकवलं नाही मला.

साहेबांनी तुझ्यासाठी खूप केलं. चुकलास तेव्हा चारचौघांत सांभाळून घेतलं. बाबांच्या त्या शेवटच्या महिन्यात न मागता रजा दिली. ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण गेली ३ वर्षं तुझ्या प्रत्येक फोनमध्ये साहेब आज खूश होते, साहेब गप्प होते, साहेबांनी बघितलंच नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

खिडकीवरच्या त्या बाई आठवतात? तुझ्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, एक दाखला कमी आणि वेळ संपलेली. बाईंनी टेबलाला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली होती. चेन ओढता ओढता त्यांची नजर तुझ्याकडे गेली. तू मान खाली घालून उभा होतास. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. किल्ली परत काढली, कुलूप उघडलं. शिक्क्याचं पॅड सुकलं होतं, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि अर्जावर शिक्का दाबला. दाखला उद्या आणा, एवढंच म्हणाल्या. मी घरभर सांगत सुटले की त्या बाई म्हणजे देवदूत. पुढच्या वर्षी ताईचा अर्ज घेऊन मी त्याच भरवशावर गेले. त्या खुर्चीवर दुसरंच कोणी होतं. मी तिथंच रडायला लागले. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "बदली बाईंची झाली, देवाची नाही."

ताईचं त्या वर्षी झालं नाही. तुला माहीतच आहे. म्हणून प्रार्थना केली की सगळी दारं उघडतात, असं मी सांगणार नाही.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पहिला आणि दुसरा अध्याय मी सकाळी परत वाचला. हा माणूस शूशन राजवाड्यात पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक. यरुशलेमेचा कोट पडलाय हे कळल्यावर किसलेव महिन्यापासून नीसानपर्यंत, म्हणजे चारेक महिने, तो देवाशी बोलत होता. राजाने "तुला काय हवंय?" विचारलं तेव्हा तो फार घाबरला होता. तिथल्या तिथं मनात प्रार्थना केली आणि मग नीट तोंड उघडून मागितलं: जायची परवानगी, अधिकाऱ्यांना पत्रं, वनरक्षक आसाफाकडून लाकूड. बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात अर्तहशश्त राजाच्याच हुकमाने त्या नगराचं काम बंद पडलं होतं, आणि आता परवानगीही अर्तहशश्तच देतो! राजाचं मन परमेश्वराच्या हातात पाटाच्या पाण्यासारखं असतं, ते असं. नहेम्या राजाचं देणं नाकारत नाही. राजाने दिलं असंच लिहितो, पण त्याच वाक्यात म्हणतो, माझ्या देवाचा वरदहस्त माझ्यावर होता. पुढे कोट ५२ दिवसांत उभा राहिला.

आणि उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ तुरुंगात ज्या सोबतच्या कैद्यावर विसंबला होता, तोही मिसरच्या राजाचा प्यालेबरदारच. तो सुटल्यावर योसेफाला विसरून गेला. त्यानंतर पूर्ण २ वर्षं योसेफ तुरुंगात होता. त्या दोन वर्षांत देव कुठं गेला होता का?

तेव्हा तुला माझं सांगणं आहे की माणसाच्या चेहऱ्याकडे बघून दिवस काढायचे नाहीत. कोणी चांगलं वागलं की आधी वर बघायचं, मग त्या माणसाचे हात धरून आभार मानायचे. आणि कोणी तोंड फिरवलं की... जाऊ दे. भाषण द्यायला लागले. माफ कर. तू लहान नाहीस, आणि तुझ्या कष्टाचा मला किती अभिमान आहे हे मी कधी धड बोललेच नाही. ताईला मात्र रोज सांगते.

भीती माझीच आहे, बाळा. बाबा गेल्यावर मीही हेच म्हणाले होते, आता माझं कोण आहे. तेव्हा तू माझ्याजवळ बसला होतास आणि काही न बोलता पाणी आणून दिलं होतंस. तुला कोणी पाठवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

नवे साहेब सोमवारी येणार म्हणालास. रात्री फोन कर, कितीही उशीर झाला तरी. आणि जुन्या साहेबांना अजून भेटला नाहीस, असं ताई म्हणाली. रागावला आहेस का त्यांच्यावर? ते जायच्या आत जाऊन भेट. माझाही नमस्कार सांग.

तुझी आई