घर घेणाऱ्याची मोजणी: महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

जमिनीच्या व्यवहारात ‘आधी मोजणी, मग खरेदीखत, मग फेरफार (सातबाऱ्यावरचा नावबदल)’ असा क्रम लावणार असल्याचं आपण जाहीर केलंत, त्या दिवशी आमच्या घरी जेवणं उरकेपर्यंत तोच विषय चालला होता. क्रम योग्यच आहे. आमच्या बाबतीत तो उलटा झाला, म्हणून तर हे पत्र लिहितोय. पण या मोजणीची फी कोण भरणार, हे आत्ताच ठरलं नाही तर ती घर घेणाऱ्याच्याच गळ्यात पडेल. आजही तिथेच पडते.

तालुक्याच्या गावाला लागून, ग्रामपंचायत हद्दीत, आम्हाला एक बैठं घर आवडलं होतं. दोन गुंठ्यांचा एनए (बिनशेती) प्लॉट, स्वतंत्र सातबारा, मागे शेवग्याचं झाड. वकिलांनी मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च घेतला, कुठे बोजा नाही, वाद नाही. माझे सासरे तेवढं म्हणाले, “कागद चांगले आहेत, पण जागा कुठून कुठपर्यंत ते कोणी दाखवलंय का?”

दाखवलं नव्हतं. मोजणीचा अर्ज सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्यानेच करायचा असतो. मालक मुलाकडे राहायला गेलेले. त्यांच्याकडे दोन खेपा घालून सह्या आणल्या, फी आम्ही भरली. नियमित मोजणीला 2,000 रुपये, द्रुतगतीला 8,000. नियमितच्या तारखेची वाट बघायची तर बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत संपत होती. म्हणून 8,000 भरले.

मोजणीच्या दिवशी सरकारी भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणारं काठीवरचं यंत्र, घेऊन आले. काठी एकेका कोपऱ्यावर टेकवत गेले आणि त्यांच्यामागे मजूर फक्कीने रेघ ओढत गेला. रेघ मागच्या कुंपणाला धरून जाईल असं आम्ही समजून होतो. ती न्हाणीघराच्या भिंतीला येऊन थांबली आणि पलीकडच्या बाजूने पुन्हा सुरू झाली. अर्धं न्हाणीघर शेजाऱ्यांच्या प्लॉटमध्ये होतं. शेजारच्या काकू ओट्यावरून बघत होत्या. “अहो, आम्हालाही हे माहीत नव्हतं,” एवढंच त्या म्हणाल्या. व्यवहार तिथेच मोडला.

त्या भूकरमापकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांनी आम्हाला वाचवलं. पण 8,000 रुपये गेले आणि घर मिळालंच नाही. माणूस एकच घर बघून एकच घर घेत नाही. प्रत्येक पसंतीला एक मोजणी परवडणारा नोकरदार मी तरी पाहिला नाही.

पुढचं घर 26 लाखांचं. मुद्रांक शुल्क भरलं, नोंदणी फी 26 हजार भरली, वकिलांचे दिले, बँकेची प्रोसेसिंग फी दिली. बँकेच्या व्हॅल्युअरचेही आम्हीच दिले आणि त्यांचा अहवाल आम्हाला बघायलासुद्धा मिळाला नाही. त्यात पुन्हा 8,000 आणि पुन्हा मालकांच्या सह्यांसाठी हेलपाटे. आम्ही मोजणी सोडून दिली. चूक आमचीच, हे मान्य करतो. खरेदीखतात चतुःसीमा आल्या, ‘पश्चिमेस – रस्ता’. जुन्या खतातून जशाच्या तशा उतरवलेल्या. फेरफार होऊन सातबाऱ्यावर आमचं नाव लागल्यावर मोजणी केली, तेव्हा कळलं की तो रस्ता आमच्याच जागेतून जातो. सातबाऱ्यावर 2 गुंठे, म्हणजे 2,178 चौरस फूट. ताब्यात 1,960. कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण दोन गुंठ्यांचा जातो.

आता दरांबद्दल. डिसेंबर 2024 पासून लागू झालेले 2,000 आणि 8,000 हे दर 2 हेक्टरपर्यंत सरसकट आहेत. 2 हेक्टर म्हणजे जवळजवळ 5 एकर. पाच एकर रानाची मोजणी आणि दोन गुंठ्यांच्या घराची मोजणी, फी एकच! पालिकेच्या हद्दीत तर 1 हेक्टरपर्यंत 3,000 आणि 12,000. तिथे बहुतेकांचे प्लॉट दोन-चार गुंठ्यांचे असतात. एकत्र कुटुंबातल्या वाटणीच्या मोजणीची फी आपण 200 रुपयांवर आणलीत. भावाभावांचे वाद बांधावरच मिटावेत हाच त्यामागचा हेतू असणार. घर घेणाऱ्याचा वादही तिथेच, कुंपणाशी, सुरू होतो. पाच गुंठ्यांच्या आतल्या राहत्या घरासाठी वेगळा, कमी दर ठेवायला काय हरकत आहे?

आणि ही फी विकणाऱ्याने भरावी. आपण काय विकतोय ते दाखवणं हे त्याचं काम. त्याने एकदा मोजणी करून घेतली की गिऱ्हाईक पहिलं येवो की पाचवं, तीच ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, सगळ्यांना चालेल. विकणारा टाळाटाळ करत असेल, तर नोंदवलेलं साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) हातात असणाऱ्याला स्वतःच्या नावाने मोजणीचा अर्ज करता यावा. आज तो पैसे भरू शकतो, अर्ज करू शकत नाही. नवीन नियम काढताना हे दोन मुद्दे त्यात स्पष्ट लिहा, ही कळकळीची विनंती.

आणखी एक, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारं. झालेल्या मोजणीचा नकाशा गट नंबर टाकला की कोणालाही दिसला पाहिजे. सातबारा घरबसल्या बघता येतो, तसा. आम्ही मोडलेल्या त्या पहिल्या व्यवहाराच्या ‘क’ प्रतीची झेरॉक्स आमच्या कपाटात आहे. मूळ नोंद आपल्या खात्याकडे आहे. ते घर नंतर विकलं गेलं. घेणाऱ्यांना मी ओळखत नाही, त्यांनी तो नकाशा पाहिला होता की नाही, तेही मला माहीत नाही. गेल्या महिन्यात तिकडून जाताना दिसलं, त्यांनी न्हाणीघराला नवीन फरशी बसवायला घेतली होती.

आपला नम्र,
दोन गुंठ्यांचा एक घरमालक