मुक्ताच्या हॉटेलातून आल्यावर

लातूर,
मृगाच्या आदल्या आठवड्यात

प्रिय सुमे,

पत्र बघून घाबरू नको, कुणाचं काही झालेलं नाही. आत्याबाई ठणठणीत आहेत, ह्यांची शुगर गोळीवर आहे, माझा गुडघा जिना चढताना दुखतो. झालं तब्येतीचं. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच बोलली असतीस आणि मी रडले असते, मग मुद्दा राहूनच गेला असता. म्हणून लिहायला बसले.

आम्ही मुक्ताच्या हॉटेलात राहून आलो. गणपतीपुळ्याच्या पुढं, अगदी समुद्रावर. गर्दी जरा उतरली की तिथल्या नोकरांच्या घरच्यांना कमी पैशात खोली देतात, ती तिनं मिळवली. मी आधी नाहीच म्हणत होते. पोरगी जिथं राबते तिथं आपण पाय पसरून बसायचं, हे मला पटेना. पण हे म्हणाले, लेकरानं पहिल्यांदा काही मागितलंय. आत्याबाई तर दोन दिवस आधीपासून पिशवी भरून बसल्या होत्या. धपाटे, शेंगाची चटणी, आणि कुणास ठाऊक का, एक खराटा. तिथल्या अंगणाला लागेल म्हणाल्या!

तुळजापूरला पाया पडून सोलापूर, सांगली, कोल्हापूर करत आंबा घाट उतरलो. घाटातली झाडी बघून आत्याबाई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग ह्यांना विचारलं, "एवढ्या झाडाला पाणी कोण घालतंय रे?" तू असतीस तर तिथंच गाडी थांबवून हसली असतीस.

हॉटेलात पोचलो तर दारात मुक्ता उभी. एरवी ती हाउसकीपिंगला असते, पण घरचे येणार म्हणून साहेबांनी तिला मुद्दाम पुढं उभं केलं होतं. करड्या रंगाचा कोट, केस घट्ट बांधलेले, हातात कोकम सरबताचे पेले. आणि मला म्हणाली, "वेलकम मॅम." आत्याबाई ओरडल्याच, "मुक्ते, कुणाला मॅम म्हणायलीस गं?" सगळे हसले, तीही हसली. पण सुमे, आमच्या आधी पुण्याची एक मंडळी आली होती, त्यांच्याकडं बघून ती अगदी तसंच हसली होती. तेवढेच दात, तेवढीच मान कललेली. मला तिथंच पोटात कसंतरी झालं.

आता सोयींचं ऐक, नाहीतर म्हणशील हिनं काही बघितलंच नाही. दार कार्डानं उघडतं आणि तेच कार्ड भिंतीत खोचलं की दिवे लागतात. पलंगावर पाच-पाच उशा. चहाची किटली, छोटा फ्रिज, तिजोरी, कपडे वाळत घालायला गच्चीत दोरी नाही पण झोपाळा आहे. मालिशची खोली वेगळी, व्यायामाची वेगळी, पोरांना खेळायची वेगळी. बागेतून समुद्राकडं उतरायला दगडी पायवाट, आणि तिच्या शेवटी पाय धुवायला नळ. सकाळच्या नाश्त्याला इतके पदार्थ की हे नुसते फेऱ्या मारत होते, बसायचं विसरून. घावणे, आंबोळी, आमरस, शिवाय इडली-डोसा, शिवाय ब्रेडचे दहा प्रकार. आत्याबाईंना भाकर पाहिजे होती. मुक्तानं आत जाऊन सांगितलं तर तांदळाची आली. त्यांनी बोटानं दाबून बघितली, म्हणाल्या, "मऊ हाय, पर पोटाला आधार न्हाई." तरी तीन खाल्ल्या.

आणि पोहायचं तळं. कडेचं पाणी आणि मागचा समुद्र एकच दिसावा असं बांधलेलं. ह्यांना आधी सांगितलं, सुती चड्डीवर चालत नाही, नायलॉनचा पोशाख लागतो. तो तिथंच विकत घेतला आणि उतरले. गावच्या विहिरीत मुटका मारून वाढलेला माणूस तो, तिथंही मुटकाच मारला. शिट्ट्याच शिट्ट्या! काठावरच्या दोन बाया नखशिखान्त भिजल्या.

मी काठाला बसून राहिले. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते तुला सांगायला नको. मुक्ताला विचारलं, हे पाणी रोज बदलतात का? ती म्हणाली, "नाही गं आई, तेच पाणी दिवसभर फिल्टरमधून फिरतं, क्लोरीन घालतात, उन्हानं उडतं तेवढी भर घालायची. आणि बागेला जे पाणी बघतीस ते खोल्यांमधलंच सांडपाणी, शुद्ध करून वापरलेलं." तळ्यात किती मावतं तर दीड लाख लिटर. सुमे, 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून आपल्या स्टेशनात पहिली पाण्याची गाडी आली तेव्हा तिच्यात 5 लाख लिटर होतं. दहा डबे. गावभर लोकांनी पेढे वाटायचे तेवढे ठेवले होते. म्हणजे असली तीन तळी भरून थोडं उरेल एवढं पाणी, अख्ख्या लातूरला. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती, आठवतंय ना? रात्री दीडला तू मला उठवायचीस, आणि अकरा वर्षांची मुक्ता घागरीवर बसून आपला नंबर धरायची. टँकरवाल्याशी तू केलेलं भांडण तिला अजून शब्दाशब्दानं पाठ आहे. तिनं तिथल्या पोरींना करून दाखवलंय म्हणे.

तर मुद्द्यावर येते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी टँकर उशिरा आला. हो, टँकर. मलाही आधी खरं वाटेना. रत्नागिरीकडं वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडं 700-800. पण तिथं खाली सगळा जांभा दगड. त्यातून पाणी झिरपतं, उतारानं समुद्राला जातं आणि मार्चनंतर विहिरी तळाला लागतात. वाडीवाडीवर टँकर फिरतात. आत्याबाईंना हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाल्या, "देवानं एवढं दिलं अन् ठेवायला गाडगं दिलं न्हाई."

तर टँकर उशिरा, म्हणून तासभर बाथटब भरू नका असं सांगितलेलं. एक गृहस्थ तरातरा नाश्त्याच्या हॉलमध्ये आले. मुक्ता कपबशा उचलायला मदत करत होती, तीच समोर सापडली. "एवढे पैसे मोजतो आम्ही, साधं पाणी देता येत नाही तुम्हाला?" अख्खा हॉल ऐकत होता. पुढंही बरंच बोलले, ते लिहीत नाही. आणि माझी पोरगी हात पुढं बांधून, मान कलवून, तेच हसू घेऊन म्हणाली, "सॉरी सर. अर्ध्या तासात करते सर." मी दोन टेबलं सोडून बसले होते. ताटात आंबोळी. उठले, खुर्ची मागं सरकवली, तर मुक्तानं माझ्याकडं बघितलं. नुसत्या डोळ्यांनी सांगितलं, बस. लहानपणी पाहुण्यांसमोर मी तिला तसंच दटवायचे. मी बसले, सुमे. ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता तो किती वेळ काढलाच नाही.

पाणी नाही म्हणून लातूरच्या पोरीला कुणीतरी बोलतंय, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? शेजारी सांगितलं तर म्हणतील, नोकरीत चालायचंच. बहिणीला सांगितलं तर म्हणेल, डॉक्टर केली असतीस तर ही वेळ आली नसती. आणि त्यावरून तुझं-माझं झालेलं ते मोठं भांडण. ट्यूशन एरियातल्या त्या क्लासची फी भरून झालेली, मुक्ता डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा सोडते म्हणून बसलेली, आणि तू तिला पाठीशी घातलंस. "सगळ्या गावानं डॉक्टर व्हायचं तर आजारी कोण पडणार," हे तुझं वाक्य. त्या रात्री मी तुला जे बोलले, की दुसऱ्याच्या लेकरावर प्रयोग करणं सोपं असतं, ते आजही माझं मत आहे. राग गेलाय, मत गेलेलं नाही. तू मात्र त्यावर येळवशीच्या सणाला आमच्या शेतात न येता घरी बसलीस आणि भज्जी-आंबिलीचा डबा परत पाठवलास, ते मी विसरणार नाही. डबा तरी ठेवून घ्यायचास!

त्या दिवशी रात्री दारावर टकटक. मुक्ता. ड्यूटीवर होती, पाहुण्यांचे पलंग झोपायला लावून द्यायची तिची पाळी. हे आणि आत्याबाई खाली समुद्राच्या वाऱ्याला बसले होते. मी म्हटलं, राहू दे बाई, मी करते. ती म्हणाली, "आई, माझं काम आहे ते." मग मी चादरीचं दुसरं टोक धरलं. तिनं मला कोपरा कसा दुमडायचा ते दाखवलं, गादीखाली घालून, तिरका, मग ताणून. एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या करते म्हणाली. कुणी टॉवेल फरशीवर टाकला तर धुवायला, दांडीवर ठेवला तर पुन्हा वापरणार, असा नियम असतो, आणि म्हणे निम्मे लोक न वापरलेलेही फरशीवर टाकतात. तिच्या हाताची बोटं बघितली. औषधांच्या पाण्यानं पांढरी पडलेली, नखाजवळ सोललेली. मी त्या माणसाचं काढलं. म्हटलं, तुला वाईट नाही वाटलं? तर म्हणाली, "रोजचं आहे." आणि हसली.

आता तेच सांगायचंय सुमे. मला कळेना, ते हसू कुठलं होतं. माझ्यासाठीचं की त्या कोटातलं. एकवीस वर्षं त्या पोरीचं तोंड बघून मी सांगायचे, भूक लागलीय, ताप येणारे, शाळेत काहीतरी झालंय. त्या खोलीत दिव्याखाली उभं राहून मला तिचं तोंड वाचता येईना. मी रात्रभर जागी होते. समुद्राचा आवाज येत होता, लोक त्यासाठीच जातात म्हणे. मला नको झाला होता.

तिच्या राहायच्या जागेवरही जाऊन आले. हॉटेलच्या मागं, रस्त्यापलीकडं. एका खोलीत चौघी, पण स्वच्छ. त्यांना पाणी एक दिवसाआड. तिथल्या पोरींना मुक्तानं अर्ध्या बादलीत डोक्यावरून अंघोळ करायला शिकवलंय, आणि भाज्या धुतलेलं पाणी कुठं ठेवायचं ते. एक सावंतवाडीकडची पोरगी मला म्हणाली, "काकू, मुक्ताताई नसती तर आम्ही मे महिना काढला नसता." धपाटे तिथंच संपले. तिथं मात्र मुक्ता खदाखदा हसत होती, मांडी घालून, चटणीचा हात चाटत. ते मला ओळखू आलं. मग ठरवता येईना, की ही पोरगी इथं सुखी आहे की नुसती टिकून आहे.

आणि त्यातच तिनं ते काढलं. निघायच्या दिवशी, गणपतीला प्रदक्षिणा घालताना. तिथं डोंगरच देव म्हणून अख्ख्या डोंगराला फेरी घालतात, एक बाजू समुद्राची. ह्यांना आणि आत्याबाईंना पुढं जाऊ दिलं आणि मला म्हणाली, जहाजावर जायचंय. प्रवासी जहाजं असतात ना, हॉटेलच असतं तरंगतं. सुरक्षेचे कोर्स करावे लागतात, खलाशाचं पुस्तक काढावं लागतं, मग सात-आठ महिन्यांचा करार. पगार इथल्या कितीतरी पट. म्हणाली, "चार वर्षं करते, मग लातूरला येऊन स्वतःचं काहीतरी टाकते." ह्यांना आधीच सांगून ठेवलेलं निघालं! ह्यांनी होकारही दिलेला. माणूस मुटके मारत होता ते उगीच नाही.

मला पैशाचं नको सांगू, आणि जग बदललंय तेही नको सांगू. मला भीती एवढीच आहे, की इथं सहा महिन्यांत मला तिचं हसू ओळखेना, तिथून चार वर्षांनी कोण परत येईल? आणि अडवलं तर ती थांबेल, मला माहीत आहे, ती थांबणारी आहे. मग घरात बसून तेच "रोजचं आहे" मला म्हणेल. ते तर मला मुळीच सोसणार नाही.

तुझं काय चाललंय? नांदेडच्या घराला रंग झाला का? विकीला ती अहमदपूरची मुलगी पसंत आहे असं कानावर आलं, खरं असेल तर आधी मला कळव, बाकीच्यांना नंतर. भाऊजींचा दात काढला का? सगळ्याचं सविस्तर लिही, मी इथं माझंच लावून बसलेय.

आणि एक काम कर. मुक्ताला फोन कर. दुपारी तीन ते सहा तिला सुट्टी असते, मधल्या वेळची, मग पुन्हा रात्रीची पाळी. मी पत्र लिहिलंय असं सांगू नको. जहाजाचं तीच सांगेल, तुझ्यापासून ती काही लपवत नाही, तो राग माझा वेगळा आहे. तिला फक्त एवढं विचार, की त्या दिवशी नाश्त्याच्या हॉलमधून आत गेल्यावर तू काय केलंस. मला विचारायचं धाडस झालं नाही. ती रडली असेल तर मला सांग. रडली नसेल तरी सांग. कोर्सचे पैसे पंधरा तारखेपर्यंत भरायचेत, त्याच्या आत तुझं पत्र आलं पाहिजे.

तुझी,
शालू

ता. क. आत्याबाईंनी खराटा तिथंच ठेवला. मुक्ताच्या खोलीसमोर दोन दिवस स्वतः झाडून काढलं, पोरींना हात लावू दिला नाही.