देवळाची रोषणाई आमच्या हाती देऊन गेलेल्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

त्रिपुरी पौर्णिमा पार पडली. लाईट गेली ती एक संध्याकाळ सोडली तर देवीच्या देवळावरची रोषणाई वसुबारसेपासून पौर्णिमेच्या रात्रीपर्यंत ठरल्या वेळी लागली आणि ठरल्या वेळी बंद झाली. यातले भाऊबीजेनंतरचे सगळे दिवस तुम्ही गावात नव्हता. हे पत्र त्यासाठीच आहे. नाव कुठं लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून सगळं गाव म्हणतं तसं नुसतं ताई म्हणतो. आभार मात्र चारचौघांत मानायचे, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं.

आजवर आपल्याकडं दिवाळीला माळा भाड्यानं यायच्या. वर्गणीतला मोठा वाटा त्यातच जायचा. लावणारा माणूस लावून जायचा आणि मधेच एखादी माळ बंद पडली की ती तशीच लोंबकळत राहायची, कारण तिच्यात काय आहे हे गावात कुणालाच माहीत नसायचं. तुम्ही माहेरी आलात आणि सभामंडपात सगळ्यांसमोर ते हिरवं बोर्ड ठेवलंत. ८५ मिलिमीटर लांब, ५६ मिलिमीटर रुंद. एवढ्याशा बोर्डात अख्खा संगणक, आणि रास्पबेरी पाय हे त्याचं नाव तेव्हा पहिल्यांदा कानावर आलं. शाळेतल्या मुलांना कमी पैशात संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडमध्ये हे तयार झालं आणि २०१२ साली बाजारात आलं, हे तुम्ही सांगितलंत. मग म्हणालात, "मुलांसाठी केलंय, तर आधी लेकरांच्याच हातात द्या." आणि खरंच, आमच्या हाती येण्याआधी ते नववीतल्या पोरींच्या हातात गेलं. तिथूनच या सगळ्या कामाला वळण लागलं, असं मला वाटतं.

तुमच्या शिकवण्यात घाई नव्हती. माळेतल्या प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग, आणि सोबत एक बारीक चिप. पहिला दिवा आपल्या वाटणीचा निरोप ठेवून घेतो आणि उरलेला पुढच्याला देतो, म्हणून सहाशे दिव्यांना फक्त दोन डेटा वायर पुरल्या: एक शिखराकडं, एक कमानीकडं. लॅपटॉपवर रोषणाई रचायला एक्सलाइट्स आणि बोर्डावर ती वेळेवर चालवायला फाल्कन प्लेअर, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, जगभरातली हौशी माणसं ती आपसांत मिळून वाढवतात, हेही तेव्हाच कळलं. पांढऱ्या रंगात पूर्ण पेटला तर एक दिवा साठ मिलिअँपिअरपर्यंत करंट ओढतो, म्हणजे सहाशे दिव्यांना ३६ अँपिअर, पाच व्होल्टला १८० वॅट. हा गुणाकार तुम्ही स्वतः केला नाहीत. पोरींकडून फळ्यावर करून घेतलात, आणि मगच एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे पाच व्होल्ट करून देणारा डबा, किती मोठा आणायचा ते ठरवलंत.

शिखराच्या टोकाकडचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं माळच खराब निघाली. तुम्ही मल्टिमीटर लावून दाखवलंत: सुरुवातीला पाच व्होल्ट, टोकाला त्याहून बरेच कमी. "ठिबकच्या लांब नळीला शेवटच्या झाडापाशी पाणी पोचतं का? मग दोन्हीकडून पाणी सोडा," एवढंच म्हणालात. आपल्याकडच्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. बारक्या गड्यानं लगेच टोकाकडून वेगळी वायर ओढली. व्होल्टेज पडलं की निळा आणि हिरवा आधी मंदावतात, लाल शेवटपर्यंत तग धरतो, म्हणून तो तांबूसपणा. हे आता गावातली दहा-बारा वर्षांची पोरंसुद्धा सांगतात.

बोर्ड ३.३ व्होल्टवर बोलतं आणि दिव्यांना पाच व्होल्टची भाषा लागते, म्हणून मधे एक चिप बसवावी लागते. गाण्याचा आवाज बोर्डाच्या जॅकमधून न घेता यूएसबी साऊंड कार्डातून घ्यावा लागतो, कारण तो जॅक आणि दिव्यांची वायर आतून एकच यंत्रणा वापरतात. असल्या गोष्टी तुम्हाला आधीच ठाऊक होत्या. नसत्या, तर आमची दिवाळी त्यातच गेली असती.

पण गावाला जे सगळ्यात जास्त भावलं ते संबळ. रोषणाईला सिनेमातलं गाणं लावायचं असा पोरांचा आग्रह होता. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त गोंधळी काकांच्या घरी गेलात. त्यांच्या अंगणात बसून मोबाईलवर संबळ आणि तुणतुणं रेकॉर्ड करून घेतलंत, तेही काकांच्या मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग लॅपटॉपवर तो आवाज लावून पोरींना बसवलंत: ठोका पडला की कळ दाबायची, म्हणजे त्या जागी खूण उमटते. संबळाच्या दोन भांड्यांपैकी लहान भांड्याचा चढा आवाज शिखराला आणि मोठ्याचा घुमारा कमानीला, ही वाटणी काकांनीच सुचवली. लय वाढत जाते तसा उजेड पायथ्यापासून कळसाकडं चढतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते पहिल्यांदा लागलं तेव्हा काका कमानीखाली उभे होते. हात कमरेला बांधलेल्या संबळावर असावेत तसे हलत होते, आणि एका ठिकाणी ते म्हणाले, "इथं ठोका अर्धा मागं पडलाय." तुम्ही त्याच रात्री तो दुरुस्त केलात. दिव्यांचं चित्र सेकंदाला चाळीस वेळा बदलतं, म्हणजे एकेक चित्र पंचवीस मिलिसेकंदांचं. काकांच्या कानाला त्यातला फरक कळला. आयुष्यभर दारोदार गोंधळ घातलेल्या माणसाची कला तुम्ही देवळाच्या शिखरावर चढवलीत, ताई. काकांच्या घरच्यांनी त्यांच्या वतीनं वेगळे आभार सांगितलेत, ते इथं पोचवतो.

आता घड्याळाची गोष्ट. पोरांना ती बारीक वाटते, मला सगळ्यात मोठी वाटते. आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही. या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नसतं. ते वेळ इंटरनेटवरून घेतं, आणि लाईट गेली की गावात बहुतेक वेळा नेटही जातं. म्हणजे लाईट परत आली की बोर्ड जागं होणार, पण वाजले किती हे त्याला कळणार नाही. तुम्ही पुण्याहून येतानाच डीएस ३२३१ नावाचं नखाएवढ्या चिपचं घड्याळ आणलं होतंत. त्याला बटणासारखा सेल बसतो आणि वर्षाकाठी ते साधारण मिनिटभरच मागंपुढं होतं. शिवाय एकदम लाईट जाऊन मेमरी कार्ड बिघडू नये म्हणून बोर्डापुरता छोटा यूपीएस लावलात, आणि त्याच कार्डाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कार्डावर करून लिफाफ्यात घालून देवीच्या पेटीत ठेवलीत. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ऐन संध्याकाळी लाईट गेली ती बऱ्याच उशिरा आली. माळा लागल्या, संबळ वाजला नाही. आम्ही घड्याळात पाहिलं तर दहा वाजून गेले होते. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमातला वेळ तुम्ही वेळापत्रकात घालून ठेवला होतात, आणि दहा ते अकरा आवाजाशिवायची संथ रोषणाई वेगळी दिली होतीत. इतका वेळ अंधारात राहूनही ते बोर्ड बरोबर त्या जागी येऊन उभं राहिलं. त्या रात्री तुम्हाला फोन करावा असं फार वाटलं, पण लेकरं झोपली असतील म्हणून केला नाही.

संध्याकाळची वेळही तुम्ही आकडा घालून ठरवली नाहीत. गावाचे अक्षांश-रेखांश भरलेत आणि सूर्यास्त निवडलात. दिवस लहान होत गेले तशी रोषणाई आपोआप अलीकडं सरकली आणि रोज तुळशीपुढं दिवा लागायच्या वेळेलाच लागत राहिली. म्हाताऱ्या बायांना हे फार पटलं.

दीपमाळेबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. पोरं दीपमाळेलाही माळा गुंडाळायला निघाली होती. तुम्ही दगडाला हात लावू दिला नाहीत. "तिथं तेलच जळायचं," असं म्हणालात आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या वेळापत्रकात अंधार टाकून ठेवलात. काल पणत्या चढवायची वेळ झाली तशी शिखरावरची आणि कमानीवरची सगळी रोषणाई आपोआप विझली. दीपमाळेचे सगळे टप्पे पेटून आरती होईपर्यंत देवळावर विजेचा एक ठिपका नव्हता. यंत्र चालवणाऱ्या माणसाला ते कुठं थांबवायचं हेही कळत असावं लागतं, आणि ते तुम्हाला आमच्याआधी कळलं.

तुम्ही गेलात तेव्हा लॅपटॉप तुमच्याबरोबर गेला. मला धाकधूक होती. पण ठोक्यांचं सगळं काम फाईल होऊन कार्डावर बसलं होतं, बोर्ड ती नुसती वाजवत होतं, आणि आमच्याकडं तुमची वही होती. ती दोनशे पानी वही आता सगळ्यांची झाली आहे. "लाल वायर पाच व्होल्ट, पांढरी ग्राउंड, पण मीटर लावल्याशिवाय विश्वास ठेवू नका." "बोर्डाचं ग्राउंड आणि एसएमपीएसचं ग्राउंड जोडलेलं हवं." "२३० व्होल्टच्या बाजूला फक्त वायरमन मामा." प्रत्येक पानावर आकृती, प्रत्येक आकृतीखाली ती काढणाऱ्या पोरीचं नाव. एकदा कमानीवरची माळ मधूनच पुढं बंद पडली. पोरींनी वही उघडली, पेटलेल्यातला शेवटचा आणि विझलेल्यातला पहिला असे दोन दिवे शोधले, मधला जोड कापून पुन्हा सोल्डर केला, वर श्रिंक ट्यूब चढवली. कुणाला बोलवावं लागलं नाही. त्यांतल्या एकीनं दहावीनंतर अंबाजोगाईला पॉलिटेक्निकला जायचं असं घरी सांगितलंय, आणि तिच्या वडिलांनी हो म्हटलंय.

तुमच्या आई-बाबांकडं देवीपुढची साडी-चोळी ठेवली आहे. संक्रांतीला याल तेव्हा ती नेसूनच देवळात या. पुढच्या नवरात्रात वेशीवरही दिवे लावायचा विचार आहे. तिथवर वायर लांब पडेल, म्हणून दुसरं बोर्ड घेऊन दोन्ही वायफायनं एका तालात चालवायची, असं पोरींनी वहीतूनच वाचून काढलंय. आल्यावर तेवढं एकदा नजरेखालून घाला.

शेजारच्या गावची मंडळी परवा येऊन रोषणाई बघून गेली. त्यांना वहीची झेरॉक्स काढून दिली. तुमचा नंबर मागत होते, तो दिला नाही. कुठं अडलं तर आधी आमच्या पोरींना विचारा, असं सांगितलंय.

तुमचा,
देवळाच्या रोषणाईचं काम पाहणारा भाऊ