सुन्याच्या कॅप्सूल

राधानगरी, रविवार

प्रिय सुन्या,

सोनोग्राफीचा फोटो मिळाला. ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’, आणि त्याखाली तुझा प्रश्न: “तू मशरूमवाला ना, मग सांग, रेशी मशरूमच्या कॅप्सूल चालू करू का?” बसणं बंद करू का, हे मात्र विचारलं नाहीस. लेका, मी पेंढ्यात धिंगरी अळंबी पिकवतो, दवाखाना नाही चालवत. तरी तुझ्यापायी चार रात्री वाचत बसलो.

कॅप्सूलच्या बाटलीवर ‘लिव्हर सांभाळतं’ असं लिहिलंय, ती सगळीच थाप नाही. दारूचं लिव्हरमध्ये आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते दारूहून विषारी. हे सगळं निस्तरताना पेशींना जपणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा आटत जातो. रेशीचा अर्क पाजलेल्या उंदरांत तो साठा बऱ्यापैकी टिकला, एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तेही कमी चढलं. तैवानात तर अँट्रोडिया नावाची एक लालसर अळंबी आहे. कापराच्या कुळातल्या एका झाडाच्या पोकळ खोडात, आतल्या बाजूनं वाढते. तिथले आदिवासी दारू उतरवायला ती पूर्वापार घेतात. आता तिच्यापायी त्या झाडांची चोरटी तोड चालते.

पण उंदराला दारूही मोजून देतात आणि अर्कही. तुझं मोजमाप दुसऱ्या क्वार्टरनंतर कुठं जातं, ते मी पाहिलंय! शिवाय हाँगकाँग आणि थायलंडमध्ये रेशीची पावडर घेणाऱ्यांचंच लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. थायलंडातला रुग्ण तर दगावला.

दारूवर हमखास चालणारी अळंबी वेगळीच, शाईची छत्री. पेंढा नीट उकळला नाही की माझ्या बेडवर तिची चुलत बहीण उगवते. सकाळी राखाडी टोपी, दुपारी कडा वर वळलेल्या, संध्याकाळी हात लावला तर बोटाला काळी शाई. युरोपातल्या त्या थोरल्या शाईच्या छत्रीत कोप्रीन नावाचं द्रव्य असतं. ॲसिटाल्डिहाइड पुढे फोडणारं एन्झाइमच ते अडवतं. ती खाऊन पेग घेतला की तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. दारू सोडवायला डायसल्फिरामची गोळी देतात, तसंच. शोधायला जाऊ नकोस, तुझा भरवसा नाही.

या टप्प्यावर दारू पूर्ण थांबवली तर लिव्हरवरची चरबी काही आठवड्यांत उतरू लागते. कॅप्सूलचे पैसे राहू देत. डॉक्टरांकडे जा, आणि किती घेतोस ते खरं सांग. वहिनींसमोर सांगितलंस तर आणखी बरं.

उद्याच्या एसटीनं दोन किलो धिंगरी पाठवतोय. कांदा-मिरचीवर परतून भाकरीशी खा. चकणा म्हणून नाही.

तुझा,
बाळ्या